भिंतीपलीकडचं बीज

हाजी खुदायनजरने मुठीतला फुलोरा गावच्या प्रमुखाच्या, अरबाबच्या सतरंजीवर आपटला. त्यातून राखाडी बिया उड्या मारत थेट चहाच्या पेल्यापर्यंत गेल्या.

"बघ, अरबाब. ऐन कापणीला माझ्या झाडांना बी धरलंय. ह्या लांबटांग्याने एक नर न उपटता ठेवला, आणि त्याची धूळ माझ्या शेतावर आली."

लांबटांग्या म्हणजे शेजारचा यूलदाश. तो समोरच मान खाली घालून बसला होता. चरसाच्या शेतातली नर झाडं भर उन्हाळ्यात ओळखून उपटावी लागतात. एक जरी राहिलं तरी वारा आपलं काम करतो, माद्यांना बी धरतं आणि ज्याचा चरस होतो तो फुलांवरचा चिकटा आटतो. बलखकडे हे दुधखुळ्यालाही ठाऊक असतं. यूलदाशने नर उपटले होते, पण सगळे उपटले होते का? उन्हाळाभर त्याचे हात झाडांत होते आणि डोळे भिंतीपलीकडे, जिथे हाजीची मुलगी गुलअंदाम तेच काम करत असे. त्या नादात त्याने दोनदा नर सोडून चांगल्या माद्याच उपटल्या होत्या. शिवाय त्याच्या स्वतःच्या शेतातही बी धरलं होतं. आता शपथ घ्यायची तरी कशाच्या जोरावर?

"तुझ्याकडूनच राहिला नसेल कशावरून?" अरबाबने हाजीला विचारलं.

हाजीचे डोळे हल्ली धुरकट झाले होते, पण ताठा शाबूत होता. "माझी झाडं मुलगी बघते. तिची नजर ससाण्याची आहे. तिच्या हातून नर सुटायचा नाही."

यूलदाशला एवढ्या संकटातही हे ऐकून गुदगुल्या झाल्या. तीन वर्षांत अरबाबची बायको त्याच्यासाठी तीनदा मागणी घेऊन गेली होती. तिन्ही वेळा हाजीने एकच सांगितलं होतं: ज्याच्या शेतात माझ्या पणजोबांचं बीज उगवेल, त्याच्याच घरात माझी मुलगी जाईल. हे बीज पणजोबांनी हिंदुकुशच्या वरच्या खोऱ्यातून पागोट्याच्या घडीत आणलेलं. झाड कमरेएवढं ठेंगणं, पान तळहातासारखं रुंद, थंडी पडली की जांभळं होणारं आणि बर्फाच्या आधी हमखास पिकणारं. यूलदाशचं वाण दक्षिणेच्या उन्हातलं, माणसाहून उंच, किडकिडीत पानांचं, बर्फ दारात आलं तरी फुलोऱ्यातच रमलेलं. आणि आपल्या बिजाची थैली तर हाजी उशाखाली घेऊन झोपे.

अरबाबने दाढी कुरवाळली. बाप कोण ते लेकरं सांगतील, म्हणाला. दोघांनीही आपापल्या शेतात धरलेल्या बियाच पेरायच्या. हाजीच्या शेतात लांबटांगी झाडं आली तर यूलदाशने हाजीच्या मुलीचं नाव कायमचं सोडायचं.

ते वर्ष यूलदाशने कसं काढलं, त्याचं त्यालाच ठाऊक. तो भिंतीवरून रोज रोपं निरखायचा आणि एखादं बोटभर उंच दिसलं की त्याला जेवण जायचं नाही. गुलअंदाम मात्र गुणगुणत खुरपत असायची. हिला काहीच कसं वाटत नाही, ह्याचं त्याला फार वाईट वाटे.

थंडीची पहिली झुळूक आली तसा अरबाब आला. हाजीच्या शेतात झाडून सगळी झाडं ठेंगणी, रुंद पानांची निघाली. यूलदाश सुटला. आनंदाने तो तिथल्या तिथे ओल्या पाटात बसला. मग तिघं भिंत ओलांडून त्याच्या शेतात गेले. तिथली झाडं छातीएवढीच होती. पानं भरली होती, कडा जांभळ्या झाल्या होत्या आणि पीक महिनाभर आधीच तयार होतं.

हाजीने एक पान चाचपलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. त्याचा चेहरा उजळला. "हे तर आमचं," तो म्हणाला, आणि ह्या झाडावरून त्या झाडावर हुंगत जवळजवळ नाचायलाच लागला. "पणजोबा, तुम्ही इथेही आलात होय. ह्या किडकिडीतांनाही माणसात आणलंत."

"हाजी," अरबाब म्हणाला, "माझ्या बायकोला तीनदा काय सांगितलं होतंस?"

हाजी थबकला. एक पाय तसाच वर राहिला. शब्द दिलेला होता, आणि तोही अर्ध्या गावासमोर. त्याने तो पाय हळूच खाली ठेवला आणि वळून पाहिलं. भिंतीच्या खिंडारात गुलअंदाम उभी होती. तिच्या हातात साखरेत घोळलेल्या बदामांचं ताट होतं, भरतकामाच्या रुमालाने बांधलेलं, मुलीकडून होकार म्हणून पाठवतात ते. ते घोळायला दोन दिवस लागतात.

"पोरी," हाजी पुटपुटला, "तुझ्या हातून नर सुटला?"

"सुटला नाही, बाबा. भिंतीशी, वाऱ्याच्या तोंडावर, चांगला निवडून ठेवला होता."