कमानीच्या आधी

"पहिला मुद्दा, शाळेला भव्य कमान!" शाळा समितीच्या अध्यक्षपदाचे उमेदवार तानाजीराव पालकसभेत गरजले. सहावीतल्या मुलीच्या आईनं, छबूताईनं, मुलींच्या शौचालयाचं दोनदा विचारून पाहिलं. मग तिनं किटली उचलली आणि ती त्यांना चहा देत राहिली.

चौथ्या कपानंतर तानाजीरावांची चुळबुळ सुरू झाली. "बाई, शौचालय?" त्यांनी मुख्याध्यापिकांना हळूच विचारलं.

"कुलूप आहे. पाणीच नाही ना! तपासणीपुरतं उघडतो."

"मग मुली काय करतात?"

"घरी पळतात," छबूताई म्हणाली.

आडोसा शोधावा तर चहूकडे पालक! तानाजीरावही घरी पळाले. परतले ते घामाघूम होऊन. "पहिला मुद्दा," ते धापा टाकत म्हणाले, "शौचालय! कमान गेली खड्ड्यात."

टाळ्या पडल्या. दुसरे उमेदवार भाषणाला उठले. छबूताईनं पुन्हा किटली उचलली.