शेवटची रांग

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सामूहिक गायनातल्या वैयक्तिक योगदानाचा पुरस्कार शिवणकाकूंना मिळाला. सव्वीस वर्षांत गायनवृंदाची एकही तालीम त्यांनी चुकवली नव्हती.

"काकू, आता एक ओळ होऊन जाऊ द्या!" निवेदक म्हणाला.

पहिल्याच तालमीला गाणं बसवणाऱ्या सरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमचा सूर लागत नाही. मागच्या रांगेत उभ्या राहा, नुसते ओठ हलवा." तेव्हापासून त्या ओठच हलवत होत्या. घरीही कुणाला पत्ता नव्हता.

प्रेक्षकांतून सर उठले, मंचावर येऊन पेटीपाशी बसले.

"कुठली पट्टी, काकू?" त्यांनी हळूच विचारलं.

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काकूंनी पुरस्कार टेबलावर ठेवला आणि माइक हातात घेतला.