चार बोटांचं पाऊल

"कविता मृत्यूला हरवते!" आमच्या कालिम्नोस बेटाचे कवी थेमेलिस मास्तर गर्जले आणि चष्मा शोधू लागले. तो कपाळावरच होता.

स्पंज काढायला समुद्रात उतरलेला पांतेलिस वर आलाच नव्हता. आज त्याचा चाळिसावा दिवस, म्हणून आम्ही त्याच्या घरी जमलो होतो. मेलेल्याच्या नावाने वाटायचे साखर घातलेले उकडलेले गहू वाटून झाले होते. त्याची बायको कालिरोई मात्र अजून रडली नव्हती. "येईल तो," एवढंच म्हणायची.

मास्तरांची कविता ट्रॉयच्या किनाऱ्यावर सर्वांत आधी उडी घेऊन सर्वांत आधी मेलेल्या वीराची होती. देवांनी त्याला तीन तासांसाठी बायकोकडे धाडलं होतं म्हणे.

"त्याने पाऊल टाकलं," मास्तरांनी वाचलं. उंबऱ्याच्या आत ओला डाग उमटला.

"कुणीतरी पाणी सांडलंय," मी म्हणालो. पण त्या पाण्याला चारच बोटं होती. पांतेलिसच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती.

"मास्तर, तीच ओळ परत वाचा," कालिरोई म्हणाली.

ते वाचत राहिले. ओली पावलं तिच्या खुर्चीपाशी येऊन थांबली. मास्तरांनी कागद खाली ठेवला.

"थांबू नका," ती म्हणाली. "फक्त मध्ये एवढं घाला, की पाय पुसून ये. फरशी सकाळीच पुसलीय."