औषधांच्या फाईलपुढची टिक

साईनाथला ती टिक आत्ता दिसली.

स्क्रीनवर सेटअप बनवायचं टूल उघडं होतं. त्याने बनवलेल्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या सगळ्या फायली त्यात ओळीने दिसायच्या, प्रत्येकीपुढे एक चौकोन. जी सीडीत घालायची तिच्यापुढे टिक ठेवायची, नको तिच्यापुढची काढायची, शेवटी फिनिश दाबायचं. बाकीची बांधाबांध टूल आपली आपण करायचं. इतकं सोपं, की शहापुरातल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासात साईनाथ पोरांना हे मोठ्या फुशारकीने करून दाखवायचा. आणि त्याच शहाण्याकडून 'औषधे' नावाच्या रिकाम्या फाईलपुढे टिक तशीच राहिली होती. ती फाईल नव्या सीडीत जायलाच नको होती.

टेबलापलीकडे दिपाली आणि सुदामभाऊ बसले होते. मॉनिटरची पाठ त्यांच्याकडे. दिपाली वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीतली, सुदामभाऊंच्या झाडं लावणाऱ्या संस्थेत कॉम्प्युटरवर बसायची. दोघं सकाळीच जीपने मुरबाडला आणि तिथून एसटीने शहापूरला आले होते. संस्थेचा सीपीयू तिने गोधडीत गुंडाळून सगळ्या वाटेत मांडीवर धरला होता, तापातलं पोर न्यावं तसा.

त्या सीपीयूत लहानीची औषधं होती. लहानी म्हणजे दिपालीची आत्या. विंचू चावला, कावीळ झाली, बाळंतिणीला दूध येईना, कशावर कुठला पाला ते सगळं तिला ठाऊक. पण कोणाला सांगेल तर शपथ! सांगितलं की औषधाचा गुण जातो, असं वाडीत मानतात. दिपालीने गोड बोलून बोलून तिला शेजारी बसवलं आणि ती बोलेल तसं थेट मशीनवर टाइप केलं. कॉपी कशी काढून ठेवायची ते साईनाथने तिला शिकवलंच नव्हतं. शिमग्यात लहानी गेली. मग साईनाथने झाडांचे फोटो ठेवायची सोय केलेली प्रोग्रॅमची नवी सीडी पाठवली, आणि ती घातल्यावर औषधंही गेली.

"सर, निघंल काय परत?" दिपालीने विचारलं.

"नाही गं. सगळं शोधून झालं. रिकामी फाईल जुनीच्या वर बसलीय. जुनी उरलीच नाही."

"मंजी हिनंच कायतरी दाबलं," सुदामभाऊ म्हणाले. "सतरांदा सांगतो, समजल्याबिगर दाबू नको."

"हां, दाबलं," दिपाली खाली बघत म्हणाली. "मशीननं इचारलं, जुनी हाय, तिच्यावर टाकू काय? मी येस दाबलं."

फोनवर साईनाथच म्हणाला होता, काहीही विचारलं तरी येस दाबत जा, डोकं लावू नकोस. हे ती सांगत नव्हती. आणि साईनाथही सांगत नव्हता.

"मग आता असंय," सुदामभाऊ म्हणाले, "उद्यापासून मशीनवर आपला धाकलू बसंल. तू पयल्यासारखी रोपांच्या पिशव्या भर."

दिपालीने मान डोलावली. ना वाद, ना रडणं.

बोल ना लेका, साईनाथने स्वतःला बजावलं. बोल! आणि बोलायचं राहिलं बाजूला, त्याचा हात माउसवर गेला. एक क्लिक, आणि 'औषधे'पुढचा चौकोन कोरा झाला. मास्तर येताना दिसले की पोर पाटी पुसतं, तसा हात चालला. मग मात्र त्याला स्वतःचीच अशी लाज वाटली, की समोर बसवेना.

"भाऊ, तिची चूक नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. रिकामी फाईल मी सीडीत घालून पाठवली."

दोघांना ते पटलेलं दिसेना.

"दाखवतो, बघा." त्याने मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला. "ह्या 'औषधे'पुढे टिक राहिली, म्हणून ती सीडीत गेली."

सुदामभाऊंनी चष्मा सारखा करून पाहिलं. "टिक कुठाय?"

"होती. आत्ता मी काढली."

"आत्ता? आत्ता कशापायी काढाल तुमी?"

याचं उत्तर साईनाथला पुरेपूर ठाऊक होतं. पण ते तोंडातून बाहेर पडेना. तो गप्प बसलेला बघून सुदामभाऊंचा चेहरा हळूहळू निवळला, आणि ते हसले.

"लय मोठं मन हाय सर तुमचं. पोरीला वाचवाया आपल्यावर घेताय. आजकाल कोन करतंय असं? पन मशीन काय हिच्या हाती परत नाय द्यायचं. ते ठरलं."

"भाऊ, अहो खरंच मी..."

"ऱ्हाऊ द्या सर," दिपाली म्हणाली. तिचे डोळे आत्ता कुठे भरून आले. "आत्या नाय नाय म्हणत होती. मीच तिला बोलती केली. तुमी माज्यासाठी खोटं बोलू नका."

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या पाया पडायला वाकली. साईनाथने पाय खुर्चीखाली ओढले. आणखी आत ओढले. मागे भिंत होती. तिचे हात पोचलेच.