भिंतीलगतची खोली

मिस्त्रीने वरून ओळंबा सोडला. दोरी सरळ खाली यायला हवी होती. ती मध्येच भिंतीला टेकली आणि तिथेच अडकली.

"हिने पोट काढलंय," मिस्त्री म्हणाला. "आत पाणी तुंबलंय. भोकं कुणी बुजवली?"

धाकट्या सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आभाळाकडे.

भिंत दोन सख्ख्या भावांच्या मधली. वर थोरल्याचं घर, खाली धाकट्याचं, आणि थोरल्याच्या अंगणाची माती खाली येऊ नये म्हणून मध्ये ही दीड पुरुष उंच दगडी भिंत. मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तिला खालच्या बाजूने सात भोकं ठेवलेली होती. सातही भोकं धाकट्याने सिमेंटने बुजवली होती. का, तर थोरल्याच्या बागेचं पाणी ह्याच्या फरशीवर येतं. चांगला शिकलासवरलेला माणूस, पण भावाचा विषय निघाला की ह्याची अक्कल गहाण.

"मीच बुजवली," तो शेवटी म्हणाला. "त्याचं पाणी मी का सोसू?"

"नका सोसू. मग भिंत अंगावर घ्या." मिस्त्रीने दोरी गुंडाळली. "वर बागेचं पाणी बंद करायचं, काठावरची माती उपसून भार कमी करायचा. त्याच वेळी खालून एकेक भोक हळूहळू मोकळं करायचं. दोन्ही बाजूंनी एकदम, आणि आजच्या आज. वरचा भार तसाच ठेवून मी हिला छिन्नी लावणार नाही. मला घरी बायकापोरं आहेत."

"आधी त्याला माती उपसू दे. मग बघू."

"अहो, आई त्या खोलीत झोपतात!" धाकटी म्हणाली.

सासूबाईंची खोली भिंतीपासून दोन पावलांवर होती. गुडघे गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस तिथल्या खाटेवरच जायचा.

"म्हणून तर," नवरा आवाज खाली आणून म्हणाला. "आई तिथे आहे तोवर दादा भिंतीला काही होऊ देणार नाही. झक मारत माती उपसेल, बघ तू."

धाकटीला त्याचं तोंड बघवेना. ती तशीच पायऱ्या चढून वर गेली.

थोरल्या जावेने दार अर्धंच उघडलं. "आज कशी वाट चुकलीस?"

धाकटी बोलायला आली होती ते विसरून गेली. जावेच्या मागे भिंतीकडची खोली दिसत होती. पलंग नाही, कपाट नाही, खिडकीला पडदासुद्धा नाही. फरशीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेली होती, सहज बोट जाईल एवढी.

"खोली कधी रिकामी केलीत?"

"झाले दोन महिने."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"भोकं बुजवताना आम्हाला विचारलं होतंत?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "खाली आई झोपतात, ताई!"

आवाज ऐकून थोरला दीर बाहेर आला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "आई तिथे आहे म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत. तिच्या डोक्यावर भिंत पडू देईल होय तो? झक मारत भोकं उघडेल."

एका माळेचे मणी. धाकटीने पुढे वाद घातला नाही. वाद घालायला समोर निदान एक तरी माणूस लागतो, असं तिला वाटलं, आणि ती भराभर खाली आली.

"आई, उठा," ती म्हणाली. "बाहेर बसायचंय."

सासूबाईंनी का म्हणून विचारलं नाही. दोन्ही घरांतली बोलणी त्या खोलीत ऐकू येत असत. धाकटीने त्यांना धरून उभं केलं, मिस्त्रीने खाट उचलली.

नवरा दारात आडवा आला. "कुठे नेतेस तिला? खोली रिकामी दिसली तर दादा हातसुद्धा हलवायचा नाही!"

"नाही हलवला तर राहू दे. बाजूला व्हा."

तिने खाट फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला मांडली, सासूबाईंना तिच्यावर बसवलं आणि मान वर करून ओरडली, "दादा, आई बाहेर आल्या! आता भिंत पडली तर खाली ह्यांचं घर आणि वर तुमचं. बसा दोघंही निर्धास्त!"

वर कुणीतरी धाडकन खिडकी लावली. मग बागेचा नळ बंद झाला, आणि फावडं मातीत घुसल्याचा आवाज आला. मिस्त्रीने तो कान देऊन ऐकला, दहा-बारा घमेली माती पलीकडे पडू दिली आणि मगच छिन्नी धाकट्याच्या हातात दिली. "आधी कडेचं. हळू."

पहिलं भोक फुटलं तेव्हा लाल गढूळ पाणी धाकट्याच्या पायांवर आलं. त्याने भावाला शिवी दिली. वरून तितकीच सणसणीत शिवी आली. दोघांचेही हात मात्र थांबले नाहीत.

ऊन चढलं. शेजारपाजारचे कामं सोडून फाटकाशी जमले. तिसऱ्या भोकाशी धाकट्याने घाम पुसला आणि बायकोला म्हणाला, "आईला आत घे आता. लोक बघतायत."

वर काठावर थोरल्याचं डोकं दिसलं. "हो, ने तिला आत. तमाशा नको."

कित्येक महिन्यांत दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच. धाकटी सासूबाईंना उठवायला वाकली. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला खाली खाटेवर बसवलं.

"सातही होऊ देत," त्या म्हणाल्या. "मी आत गेले की थांबतील हे."