योलाचा कॅल्क्युलेटर

"हा चालणार नाही," परीक्षा केंद्रावरची बाई म्हणाली आणि तिनं योलाचा कॅल्क्युलेटर टेबलावरून परत सरकवला. "आलेख काढणारा आत नेता येत नाही. नियमांतल्या यादीतलाच हवा."

योलानं वळून मोठ्या बहिणीकडे पाहिलं. हालिना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिला हे चार महिन्यांपासून ठाऊक होतं.

दोघींचे अर्ज तिनंच भरले होते. नियमांची चारही पानं तिनं वाचली होती. "तू वाचलंयस ना, मग झालं की," म्हणत योलानं ती उघडूनही पाहिली नव्हती. रोज जेवण झालं की तोच भलामोठा कॅल्क्युलेटर घेऊन ती गणितं सोडवायला बसे. हालिना समोर बसून बघे आणि मूग गिळून गप्प राही.

कारण ती जळत होती. हार्टफर्डच्या एका विमा कंपनीत तिनं अकरा वर्षं लोकांचे फोन घेतले होते. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं छप्पर उडालं. वरच्या मजल्यावर ॲक्चुअरी बसत. कोणत्या वयाची किती माणसं मरतील, याचं गणित शांतपणे कॉफी पीत मांडणारे. तिथं पोचायचं म्हणून छत्तिसाव्या वर्षी तिनं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. आठवडाभरात एकोणीस वर्षांची योलाही त्याच वर्गात येऊन बसली. "मला तरी दुसरं काय सुचतंय," म्हणाली. आणि हालिनाचा अख्खा रविवार खाणारं गणित ही पोरगी सफरचंद चावता चावता सोडवू लागली. सर हसून म्हणत, "हालिना, बहिणीला विचार ना." हालिना विचारायची, उत्तर वहीत उतरवायची आणि रात्रभर कुढायची.

त्यात कंपनी या कॉलेजातून उन्हाळ्यासाठी शिकाऊ घेणार होती. ॲक्चुअरी होण्यासाठीची ही पहिली, संभाव्यतेची परीक्षा पास झालेला, आणि तोही एकच.

"तुम्ही हिच्यासोबत ना?" बाईनं हालिनाला विचारलं. "तुमच्याकडे एखादा जादा आहे?"

"नाही," हालिना म्हणाली.

"मग हातानंच करावं लागेल. तीस गणितं, तीन तास."

"करते," योला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"आता पिशव्या उघडा. आत न्यायचं तेवढं इथं काढून ठेवा."

हालिनाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या पिशवीतून एक कॅल्क्युलेटर निघाला, मग दुसरा. दोन्ही यादीतले. ऐनवेळी एक बंद पडला तर, म्हणून या परीक्षेला जाणते लोक दोन घेऊनच येतात. बाईनं एकदा त्या दोन कॅल्क्युलेटरांकडे पाहिलं, एकदा हालिनाकडे, आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.

हालिनाचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिनं एक कॅल्क्युलेटर योलापुढे धरला. "घे. मी..."

योलानं हालिनाचा हात हळूच मागे सारला.

"दोन्ही ने. एक बंद पडला तर तू घाबरशील. आणि मला कशाला हवाय गं? तू एकटी असलीस तर मध्येच सोडून देशील, म्हणून तर मी नाव घातलं होतं."