मुठीतला फ्यूज

फ्यूज तिच्या मुठीत होता आणि डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता.

तिने मूठ उघडून पाहिली. चिनी मातीचा तोच पांढरा फ्यूज. मघाशी नवऱ्याने तो मुख्य बोर्डातून उपसला आणि नेहमीसारखा तिच्या तळहातावर ठेवला. "धर, माझा जीव. मी उतरेपर्यंत खुर्चीवरून हलायचं नाही. पोरीची शाळा सुटायच्या आत उरकतो." मग तो गच्चीवर गेला. तो या सार्वजनिक वाचनालयाचा वायरमन, आणि ती पुस्तकांवर शिक्के मारणारी. नवरा मुठीत ठेवावा तर बाईंनीच, अशी इथल्या वाचकांची जुनी थट्टा होती.

पण पंखा का फिरतोय?

गेल्याच महिन्यात गच्चीवर सौर पॅनल बसले होते, कठड्यापाशी छोटी पवनचक्कीही. आता आपण वरच्या विजेवर चालणार, असं वाचनालयाचे साहेब भाषणात म्हणाले तेव्हा तिने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या होत्या. ते आठवलं आणि ती खुर्चीवरून ताडकन उठली. फ्यूज काढला तो रस्त्यावरून येणाऱ्या विजेचा. वरची वीज वरच होती. बाहेर ऊन रखरखत होतं, वारा सुटला होता, आणि हा बाबा जुन्या सवयीने, सगळं बंद आहे असं समजून वायरींत हात घालून बसला असणार.

ती जिन्याकडे धावली. शिक्क्याची डबी कलंडली, कुणीतरी "अहो बाई!" म्हणालं, तिने मागे पाहिलं नाही. देवा, एवढा एक डाव सांभाळ, पुन्हा काही मागणार नाही, असं म्हणत तिने गच्चीचं दार ढकललं.

तो पाठमोरा ओणवा होता. दोन्ही हात पॅनलखालच्या पेटीत. आणि त्याचे खांदे थरथरत होते.

करंटला चिकटला! तिच्या हातून फ्यूज गळून पडला. दोन्ही हात पसरून ती त्याच्याकडे झेपावली.

"थांब! हात लावू नकोस!" तो ओरडला.

ती जागीच थिजली. बोटं त्याच्या सदऱ्यापासून वीतभर अंतरावर. तो हळूच बाजूला झाला आणि वळला. हातांत जाड रबरी मोजे होते, एका मोज्यात पाना. पॅनलवर काळी ताडपत्री अंथरली होती, पवनचक्कीचं पातं दोराने जखडलं होतं. गच्च बसलेला एक नट काही सुटत नव्हता, एवढंच.

तिला रडू फुटलं आणि रागही आला. "खाली पंखा फिरतोय! मला वाटलं, तुम्ही संपलात!"

"अगं, फिरणारच. तो बॅटरीवर चालतो."

"म्हणजे तो फ्यूज काढून इथलं काहीच बंद होत नाही?"

"नाही होत."

"मग माझ्या हातात दिलात कशाला?"

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. ते अजून त्याच्याच दिशेने पसरलेले होते.

"तू खाली बसून राहावीस म्हणून. आत्ता मी खरंच चिकटलो असतो, तर तू मला धरलं असतंस. मग पोरीला शाळेतून आणायला कोण गेलं असतं?"